पाठ झालेला सिनेमा पुन्हा पाहताना

पाठ असलेला सिनेमा लावला आणि वीस मिनिटांत हात मोबाइलकडे गेला, तर दोष सिनेमाचाच असेल असं नाही. बहुतेक वेळा प्रत कापलेली असते, नाहीतर टीव्हीने चित्राची वाट लावलेली असते, नाहीतर पाहणाऱ्याने डोळ्यांना काही कामच दिलेलं नसतं. तिन्ही गोष्टी घरच्या घरी सुधारता येतात.

आधी सिनेमा पुन्हा पाहण्याजोगा आहे का, हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. मधलाच कुठलाही तुकडा लावा आणि आवाज बंद करा. कोणाला कोणाकडून काय हवंय हे कळतंय का? जो बोलत नाहीये त्याच्या चेहऱ्यावर काही चाललंय का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर तो सिनेमा दहा वेळाही पुरेल. ज्याची सगळी पुंजी शेवटच्या एका रहस्यात आहे, तो दोनदाच बघावा, आणि दुसऱ्यांदा पंधरवड्याच्या आत. आधी पेरलेल्या खुणा खऱ्या होत्या की दिग्दर्शकाने फसवलं, हे तेव्हाच नीट दिसतं. वर्षभराने पाहिलात तर रहस्य लक्षात असतं आणि खुणा विसरलेल्या असतात, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

प्रत खरी आहे का?

जुन्या सिनेमांच्या बाबतीत सर्वात जास्त गडबड इथे होते. पस्तीस मिलीमीटरच्या जमान्यातला सिनेमा असेल तर सुरुवातीला दिसणाऱ्या सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर चित्र थांबवा. त्यावर रिळांची संख्या आणि फिल्मची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. पस्तीस मिलीमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर पुढे सरकते. म्हणून मीटरच्या आकड्याला २७.४ ने भागलं की मिनिटं मिळतात. प्रमाणपत्रावर ३,८४० मीटर असेल तर सिनेमा १४० मिनिटांचा हवा. हातातली प्रत ११८ मिनिटांची निघाली, तर २२ मिनिटं कोणीतरी खाल्ली आहेत. बहुधा दोन गाणी आणि एखादा विनोदी प्रसंग.

पण प्रत १३४-१३५ मिनिटांची निघाली तर घाबरू नका. आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी आणि व्हीसीडी ‘पाल’ (PAL) या टीव्हीच्या पद्धतीच्या असतात, सेकंदाला २५ चौकटींच्या. २४ चौकटींचा सिनेमा त्यात बरेचदा थोडा पळवून बसवतात, त्यामुळे तो साधारण ४ टक्के लवकर संपतो. काहीच कापलेलं नसतं, फक्त सूर चढतो. पेटी घेऊन बसणाऱ्यांना हे लगेच कळतं, कारण गाणं मूळ पट्टीवरून निघून पुढच्या स्वराच्या दिशेने पाऊण वाट गेलेलं असतं आणि काळ्या-पांढऱ्या कुठल्याच पट्टीत बसत नाही. कॉम्प्युटरवर पाहत असाल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. व्हीएलसी आपणहून सूर सांभाळायला जातो, म्हणून ‘वेग बदलताना सूर राखा’ हा सेटिंगमधला पर्याय आधी बंद करा, नाहीतर वेग सुधारेल पण सूर चढलेलाच राहील.

कापलेली जागा शोधायची असेल तर रिळांच्या शेवटाकडे लक्ष द्या. हजार फुटांचं एक रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. थिएटरात हाताळताना रिळाची टोकं सर्वात जास्त झिजत, तुटत, आणि चिकटवताना दर वेळी थोड्या चौकटी जात. म्हणूनच जुन्या प्रतीत वाक्य अर्ध्यात तुटतं ते बरेचदा अशाच जागी. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका चमकतो आणि सातेक सेकंदांनी पुन्हा दिसतो, ती प्रोजेक्शनवाल्यासाठी रीळ बदलण्याची खूण. पहिला ठिपका दुसरं यंत्र सुरू करण्यासाठी, दुसरा चित्र त्यावर नेण्यासाठी. पहिला दिसला आणि दुसरा आलाच नाही, तर मधलं काहीतरी गेलं आहे.

इंटरनेटवर फुकट टाकलेल्या प्रतींचे रोग वेगळे. पकडलं जाऊ नये म्हणून चित्र आरशासारखं उलटवलेलं असतं, आवाज मुद्दाम चढवलेला किंवा उतरवलेला असतो. दुकानांच्या पाट्या वाचून पाहा, गाडीची नंबरप्लेट बघा, लगेच कळेल. चेहरे सुजल्यासारखे वाटत असतील तर समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू शोधा, भिंतीवरचं घड्याळ सर्वात सोयीचं. पट्टी लावून आडवं आणि उभं माप घ्या. आडवं माप उभ्याच्या सव्वापटीपेक्षा जास्त भरलं, तर चारास तीन प्रमाणाचं जुनं चौकोनी चित्र ताणून सोळास नऊच्या रुंद पडद्यात कोंबलेलं आहे. जुन्या चौकोनी चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणं हेच बरोबर. ‘पडदा पूर्ण भरत नाही’ म्हणून झूम केलं की डोक्यावरच्या टोप्या आणि पायातल्या वहाणा दोन्ही जातात.

कधी कधी एकाच सिनेमाच्या दोन अधिकृत प्रती असतात आणि त्यांचा शेवटही वेगळा असतो. ‘शोले’ १९७५ साली, आणीबाणीत आला. सेन्सॉरच्या आग्रहामुळे शेवटी पोलीस येतात आणि गब्बरला ताब्यात घेतात. मूळ चित्रित शेवटात ठाकूरच त्याला संपवतो. दोन्ही उपलब्ध आहेत. आधी प्रदर्शित झालेला शेवट बघा, मग मूळ. उलट क्रमाने पाहिलंत तर पोलिसांचं येणं नुसतं हास्यास्पद वाटतं.

टीव्हीच्या चार खोडी

पहिली आणि सर्वात वाईट खोड म्हणजे हालचाल गुळगुळीत करण्याची सोय. दुकानातून येताना ती बहुधा चालूच असते. सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो अशी नावं सापडतील. टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने आणखी चौकटी घालतो आणि सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसू लागतो. बंद करा. क्रिकेटसाठी हवी असेल तर सामन्यापुरती चालू करा.

चित्राचा प्रकार ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. पहिले दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल, नंतर डोळा सरावतो. ‘व्हिविड’मध्ये माणसं भाजल्यासारखी लाल होतात. कृष्णधवल सिनेमाला निळसर झाक आली असेल तर रंगाचं तापमान ‘वॉर्म’ करा.

आवाज: संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणी कानठळ्या बसवणारी, ही तक्रार बहुतेक वेळा सहा वाहिन्यांचा आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरांत कोंबल्याने येते. सेटिंगमध्ये पीसीएम किंवा स्टिरिओ निवडा. जुन्या सिनेमाचा आवाज एकाच वाहिनीचा असतो, त्याला ‘सराउंड’ लावलं की माणसं विहिरीत बोलल्यासारखी वाटतात. तिथे ‘स्टँडर्ड’च बरं.

आणि अंतर. टीव्हीच्या कर्णाच्या साधारण १.६ पट लांब बसा, म्हणजे ४३ इंचीसाठी पावणेसहा फूट, ५५ इंचीसाठी सव्वासात. व्हीसीडीवरून आलेली धूसर प्रत असेल तर दोन फूट मागे सरका. तिच्यात मुळात ३५२ बाय २८८ एवढेच ठिपके असतात, जवळ बसून तपशील वाढणार नाही.

एका बैठकीला एकच काम

इथे खरी गंमत आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घ्या. वसंत सबनीसांनी लिहिलेला, सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केलेला, ‘बीबी और मकान’ (१९६६) या हिंदी सिनेमावर बेतलेला. संवाद सगळ्यांना येतात, आणि तोच त्याचा शत्रू आहे. मोबाइलवरच्या तुकड्यांनी विनोदाची फक्त टोकं उरली आहेत, त्यांच्या आधी रचलेली तयारी गेली. पूर्ण सिनेमा पाहायचा ठरवलात तर आधी महिनाभर ते तुकडे पाहू नका. पथ्य वाटतं खरं, पण उपयोग होतो.

मग एक कागद घ्या. भाड्याच्या घरासाठी चार मित्र थापा मारतात आणि त्यातले दोघे साडी नेसून बायका बनतात. डावीकडे त्या थापा लिहा: सुधा ही शंतनूची बायको, पार्वती ही धनंजयची बायको, आणि वेळोवेळी वाढणाऱ्या बाकीच्या. वर आडव्या ओळीत नावं: लीलाबाई, मनीषा, माधुरी, सुषमा, कमळी. सिनेमा पुढे जाईल तसं कोणाला कोणती थाप खरी वाटते आहे तिथे फुली, आणि जिला सत्य कळलं तिच्या चौकटीत गोल. अर्ध्या तासात ध्यानात येतं की पाहणारा हसतो तो साडीतल्या पुरुषाला कमी आणि एकाच खोलीत वेगवेगळ्या फुल्या एकत्र येण्याला जास्त. दार वाजलं की आधी कागदाकडे बघा: आता येणाऱ्या माणसाला काय माहीत आहे? प्रसंग कुठे फुटणार हे आधीच दिसतं आणि तरीही हसू येतं.

पुढच्या वेळी कागद नको. फक्त अशोक सराफांकडे बघा, तेही ते बोलत नसताना. लक्ष्मीकांत बेर्डे धमाल करत असतात तेव्हा नजर आपोआप तिकडे जाते. ती जबरदस्तीने बाजूला न्यावी लागते. दुसऱ्याची थाप ऐकून आपली थाप त्याला जुळवून घेण्याचं गणित सराफांच्या डोळ्यांत चालू असतं. गाण्यांना उठून चहा टाकण्याची सवय असेल तर या खेपेला तो आधीच करून ठेवा.

‘कोर्ट’साठी (२०१४) काम वेगळं. चैतन्य ताम्हाणेंचा कॅमेरा बहुतेक वेळा लांबून, स्थिर उभा असतो, आणि मुख्य बोलणं संपलं तरी लगेच हलत नाही. पहिल्यांदा पाहताना आपण वकिलांचे शब्द पकडतो. दुसऱ्यांदा मुख्य पात्रं सोडा आणि चौकटीच्या कडांना बसलेल्यांकडे बघा: आपल्या पुकाऱ्याची वाट पाहणारे, डुलक्या काढणारे, कागद इकडून तिकडे नेणारे. हे मोबाइलच्या पडद्यावर जमत नाही, टीव्हीच हवा, आणि खोलीतला दिवा बंद. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दालनातले दिवे जातात, पडदा काळा होतो. इथे घाईने रिमोट उचलू नका, सिनेमा अजून बाकी आहे.

‘सिंहासन’ (१९७९) पाहताना अडचण माणसांच्या गर्दीची होते. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या जब्बार पटेलांनी एका सिनेमात बसवल्या आहेत, त्यामुळे पात्रं भराभर येतात. कागदाच्या मधोमध मुख्यमंत्री (अरुण सरनाईक) लिहा, एका बाजूला विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू), दुसऱ्या बाजूला कामगार नेता डिकास्टा (सतीश दुभाषी). कोण कोणाला फोन करतं, एवढेच बाण काढा. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार कागदाच्या बाहेर ठेवा. सगळीकडे जातो, सगळं ऐकतो, आणि त्याच्याकडून निघणारे बाण किती थोडे, हे मोजल्यावर त्याचा शेवटचा प्रसंग वेगळाच दिसतो.

सोबत कोण

संवाद आधी बोलणारा माणूस प्रत्येक घरात असतो. त्याला गप्प करू नका, पण ज्याची पहिलीच वेळ आहे त्याच्या शेजारीही बसवू नका. परदेशात वाढलेल्या मुलांना मराठी सिनेमा दाखवताना इंग्रजी सबटायटल पहिल्या वेळी लावा, दुसऱ्या वेळी काढा. गोष्ट माहीत असल्याने कान शब्दांकडे वळतो. उलट ‘फँड्री’ (२०१३) मराठी माणसालाही सबटायटलसह पाहावा लागतो, कारण त्यातल्या जब्या या मुलाच्या घरात कैकाडी भाषा बोलली जाते. शीर्षकच कैकाडी आहे, डुक्कर या अर्थाचं. सबटायटल नसलेली प्रत घेतलीत तर घरातली भांडणं अंदाजानेच कळतील.

तीन तासांचा सिनेमा दोन रात्रींत पाहायचा असेल तर घड्याळाकडे बघून थांबू नका, मध्यंतराची पाटी येते तिथे थांबा. पटकथा त्या जागेसाठीच लिहिलेली असते.

शेवटचं काम सिनेमा लावण्याआधी करायचं. ओटीटीच्या प्रोफाइलमध्ये जाऊन पुढचं आपोआप लागण्याची सोय बंद करा. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. तो काळोख पूर्ण मिळाला पाहिजे. पाच सेकंदांत कुठल्यातरी नाचगाण्याची जाहिरात कोपऱ्यातून उसळली, तर दगड चुकला म्हणायचा.