व्हिक्टोरियन काळातील कृष्णवर्णीय स्त्रीच्या छायाचित्राची ओळख कशी पटवावी

जुन्या ब्रिटिश अल्बममध्ये एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीचे छायाचित्र आढळले, तर चेहऱ्यावरून तर्क करण्याआधी पुठ्ठा तपासावा. साधारण 64 बाय 100 मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर पातळ, तपकिरी छटेचा कागद चिकटवलेला असेल, तर ते बहुधा ‘कार्त द व्हिझिट’, म्हणजे भेटकार्डाच्या आकाराचे छायाचित्र असते. हा प्रकार फ्रेंच छायाचित्रकार दिस्देरी यांनी 1854 मध्ये पॅरिसमध्ये पेटंट केला आणि 1860 च्या दशकात तो इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचला. काटकोनी कोपरे सहसा त्या दशकाकडे, तर गोलाकार कोपरे त्यानंतरच्या काळाकडे बोट दाखवतात. मागे छापलेला स्टुडिओचा पत्ता त्याहून भरवशाचा, कारण स्टुडिओ वारंवार जागा बदलत आणि जुन्या व्यवसाय-सूचींतून त्या जागांची वर्षे सापडतात.

त्वचेच्या छटेवरून मात्र काहीही ठरवू नये. त्या काळात छायाचित्र टिपण्यासाठी वापरली जाणारी, कलोडियन या रासायनिक द्रावाचा लेप दिलेली काच निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई, लाल-पिवळ्याला जवळजवळ नाही. त्यामुळे निळा पोशाख फिकट दिसतो, तांबडा गडद, आणि त्वचेतील उबदार छटा प्रत्यक्षाहून काळपट उमटतात. म्हणूनच स्कॅन करताना चेहरा ‘उजळ’ करण्याचा मोह टाळावा. मूळ प्रत जशी आहे तशी जपून, बारकावे पाहण्यासाठी हवी तर वेगळी प्रत तयार करावी.

त्यानंतर नावाकडे वळावे, आणि एकाच नावावर थांबू नये. पश्चिम आफ्रिकेतून 1850 मध्ये इंग्लंडला आणलेल्या सारा फोर्ब्स बोनेटा यांच्या नावातील ‘फोर्ब्स’ हे त्यांना आणणाऱ्या कप्तानाचे आणि ‘बोनेटा’ हे त्याच्या जहाजाचे. ऑगस्ट 1862 मध्ये ब्रायटनला विवाह झाल्यावर त्या सारा डेव्हिस झाल्या. पुढच्याच महिन्यात कामीय सिल्वी यांनी लंडनमध्ये त्यांची छायाचित्रे घेतली. सिल्वींच्या स्टुडिओच्या नोंदवह्या आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत; अशा नोंदींत शोध घेताना माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे तपासावीत.

स्टुडिओतील खांब, पडदे आणि खुर्च्या बहुधा छायाचित्रकाराच्या असत, त्यामुळे त्यांवरून ऐपत मोजू नये. पण त्याहून वाईट म्हणजे, पुरावा नसताना प्रत्येक अनोळखी स्त्रीला ‘मोलकरीण’ ठरवणे. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या आफ्रिकन गायकवृंदाची 1891 च्या सुमारास लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीने छायाचित्रे काढली. त्यातील शार्लट मान्ये पुढे अमेरिकेत पदवीधर झाल्या. नाव सापडलेच नाही, तर सूचीत ‘नाव अज्ञात’ असे लिहावे आणि अंदाज करायचाच असेल, तर त्याचा आधार नमूद करून तो वेगळ्या रकान्यात ठेवावा.