असामा एक्स्प्रेसचा घाट पायी कसा पाहावा: योकोकावा ते कुमानोताइरा

जपानच्या उसुई घाटात जाणारे बरेच जण विटांच्या चार कमानींच्या पुलाचा फोटो काढतात आणि खाली लिहितात, ‘इथून असामा जायची.’ जायची नाही. असामा ही लिमिटेड एक्स्प्रेस, म्हणजे मोजके थांबे घेणारी जलद गाडी, उएनो (टोकियो)-नागानो मार्गावर सुरू झाली १ ऑक्टोबर १९६६ रोजी आणि त्या पुलावरची वाहतूक १९६३ मध्येच थांबली होती. घाटात दोन वेगवेगळ्या मार्गांचे अवशेष शेजारी-शेजारी पडलेले आहेत: १८९३चा दातेरी रुळांचा मार्ग आणि १९६३चा साधा, दाते नसलेला मार्ग. कोणता कुठला हे ओळखता आलं तरच असामाचा इतिहास पायाखाली येतो.

पहिली चूक तिकीट काढतानाच होते. आजच्या वेळापत्रकात ‘असामा’ दिसते ती शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन आहे. १ ऑक्टोबर १९९७ला नागानोपर्यंत शिंकान्सेन आली, तिला हे नाव मिळालं, जुनी असामा आदल्या दिवशी शेवटची धावली आणि घाटाच्या पायथ्याचं योकोकावा ते माथ्यावरचं कारुइझावा हा ११.२ किमीचा तुकडा कायमचा बंद झाला. शिंकान्सेन योकोकावाला जातच नाही. त्यामुळे ताकासाकीला उतरा आणि शिनेत्सु मार्गाची लोकल पकडा. साधारण अर्ध्या तासात योकोकावा येतं. पुढे रूळच नाहीत, म्हणजे स्टेशन चुकायची भीती नाही. मंगळवार मात्र टाळा. ऑगस्ट सोडला तर त्या दिवशी इथलं रेल्वे संग्रहालय बंद असतं.

स्टेशनबाहेर गटारावरच्या झाकणांकडे पाहा. ते जुने दातेरी रूळच आहेत. आब्ट पद्धतीत, म्हणजे इंजिनाचं दातेरी चाक रुळांमधल्या दातांत अडकवून चढण्याच्या रीतीत, दातांच्या तीन पट्ट्या शेजारी-शेजारी बसवत आणि त्यांचे दात एका रेषेत न ठेवता मागेपुढे ठेवत, म्हणजे इंजिनाच्या चाकाचा एखादा तरी दात कायम अडकलेला राही.

संग्रहालय आहे जुन्या इंजिन-शेडच्या जागेवर. इथे घाईत असाल तरी दोनच गोष्टींना वेळ द्या: १८९ मालिकेचा असामाचा तोंडाचा डबा आणि ईएफ६३ हे १०८ टनी इंजिन. घाटाचा कमाल चढ १००० मीटरला ६६.७ मीटर, म्हणजे पंधराला एक. आपला बोरघाट सदतिसाला एक आहे आणि तिथेही कर्जतला बँकर, म्हणजे मागून रेटणारी जादा इंजिनं, लावावे लागतात, यावरून अंदाज करा. योकोकावाला ईएफ६३ची जोडी लागे, ती नेहमी उताराच्या बाजूला. चढताना मागून रेटायला, उतरताना पुढे राहून गाडी थोपवायला. चढायला १७ मिनिटं लागत आणि उतरायला २४, कारण इथे खरी अडचण ब्रेकची होती. १९७५ मध्ये उतरणारी चार इंजिनं ताब्याबाहेर जाऊन रुळांवरून घसरली, ती याच घाटात.

मागून इतक्या जोराने रेटलं की मधले डबे उचलले जाण्याचा धोका असतो. म्हणून घाटापूर्वी डब्यांच्या एअर स्प्रिंगमधली हवा काढून टाकत. सुरुवातीच्या १८१ मालिकेच्या डब्यांतल्या विजेच्या मोटारी घाटात निव्वळ ओझं होत्या, त्यामुळे गाडी आठ डब्यांच्या पुढे नेता येत नसे. १९७५ पासून आलेल्या १८९ मालिकेत गाडीच्या मोटारींची सूत्रंही ईएफ६३च्या चालकाकडे गेली आणि गाडी बारा डब्यांची होऊ शकली. डब्याचं कपलर (जोडणीचा आकडा) आणि त्याभोवतीच्या विजेच्या जोडण्या बघा. सगळी मेख तिथे आहे.

ईएफ६३ स्वतः चालवण्याचीही सोय आहे, पण आधी जपानीतला वर्ग पूर्ण करावा लागतो. आयत्या वेळी विचारून उपयोग नाही.

निघण्यापूर्वी जेवून घ्या. स्टेशनसमोर ओगिनोयाची ‘तोगे नो कामामेशी’ मिळते, मातीच्या भांड्यातला भात, १९५८ पासूनची. बँकर लागेपर्यंत गाडी थांबे, तेवढ्यात फलाटावर ती खपायची. कर्जतच्या वड्याचं गणितही हेच. शाकाहारी असाल तर डबा बरोबर न्या, कारण भातात चिकन असतं.

आता चाल. वाट कुमानोताइरापर्यंत साधारण ६ किमी, एका दिशेला सव्वादोन तास धरा. तोगे नो यु या गरम पाण्याच्या स्नानगृहापर्यंत तुम्ही १९६३च्या मार्गावर असता: रूळ फरसबंदीत तसेच ठेवलेत. म्हणजे असामाचा खरा रस्ता हा. वाटेत मारुयामा उपकेंद्राच्या विटांच्या इमारती लागतात, त्या १९१२च्या विद्युतीकरणाच्या.

तोगे नो युनंतर वाट दातेरी मार्गावर वळते आणि इथूनच घोळ सुरू होतो. पाच बोगद्यांनंतर मेगाने-बाशी, म्हणजे तोच चार कमानींचा पूल येतो, ९१ मीटर लांब, ३१ मीटर उंच. त्यावर उभं राहून दरीत पलीकडे पाहा: झाडीतून जो काँक्रीटचा पूल दिसतो, असामा त्याच्यावरून जायची. फोटो त्याचा काढा. पानगळीनंतर तो नीट दिसतो, उन्हाळ्यात झाडीमागे दडतो.

पुढचा सहावा बोगदा ५४६ मीटरचा. बोगद्यांतले दिवे सकाळी ७ ते संध्याकाळी ६ एवढेच लागतात, म्हणून दुपारी दोननंतर वर निघू नका, आणि टॉर्च ठेवाच. आत गारठा असतो आणि पाणी ठिबकतं. जॅकेट आणि पकड असलेले बूट हवेत. अस्वलांचा वावर आहे, सॅकला घंटी बांधा.

कुमानोताइरा या घाटातल्या जुन्या स्टेशनाला जुने-नवे दोन्ही मार्ग पुन्हा भेटतात. रूळ, विजेचे खांब, बोगद्यांची तोंडं, सगळं शाबूत आहे. कुंपण ओलांडू नका. वाट इथेच संपते. कारुइझावाला पायी पोचू या हिशेबाने आलात तर फसाल. हंगामी बस असते, पण फेऱ्या मोजक्याच. योकोकावाला परत या आणि जेआर बसने घाट चढा, अर्ध्या तासाचा प्रवास. कारुइझावाच्या जुन्या स्टेशनाजवळ ईएफ६३चं २ क्रमांकाचं इंजिन ठेवलेलं आहे.