कौलं गळतायत? टेप कधी मारायची आणि कौल कधी बदलायचं

बडोद्यात कौलं फुटतात जानेवारीत आणि कळतं जूनमध्ये. १४ तारखेला उत्तरायण, अख्खी पोळ, म्हणजे जुन्या शहरातली गल्ली, छपरावर, कटलेला पतंग धरायला पोरं कौलांवरून पळतात, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण म्हणून परत तेच, आणि माकडं तर काय बारा महिने आहेतच. कौल तडकतं पण जागच्या जागी बसून राहतं, खालून काही दिसत नाही, मग पहिल्या मोठ्या सरीला माजघरात बादली लागते.

आधी गळती नक्की कुठून आहे ते शोधा, कारण थेंब जिथे पडतो त्याच्या बरोब्बर वर फुटलेलं कौल असेलच असं नाही. पाणी रिपेवरून (कौलं जिला अडकतात ती आडवी लाकडी पट्टी), वाशावरून (रिपांखालचं उतरतं लाकूड) घरंगळत येतं आणि भलतीकडेच टपकतं. दिवसा माळ्यावर जाऊन दिवे बंद करा, उजेडाची बारीक रेघ दिसली की खडूने खूण करा. लाकडावर काळपट ओघळ असेल तर तो वरच्या बाजूला कुठपर्यंत जातो ते बघा. पंख्याच्या किंवा वायरिंगच्या जवळ पाणी येत असेल तर पहिला मेन स्विच बंद, बाकी सगळं नंतर.

आता टेम्पररी इलाज. भर पावसात छप्पर उघडायच्या भानगडीत पडू नका आणि ओल्या कौलांवर चढू तर अजिबात नका, शेवाळ आलेलं असतं, पाय कधी सटकला ते कळतसुद्धा नाही. उघाड मिळाली की पॅच. सगळ्यात भरवशाचा म्हणजे पत्र्याचा तुकडा, कौलापेक्षा जरा रुंद कापायचा, दोन्ही बाजूच्या कडा थोड्या वर वळवायच्या, वरचं टोक वरच्या कौलाच्या खाली सरकवायचं आणि खालचं टोक खालच्या कौलाच्या *वर* टेकवायचं. हे उलटं झालं तर पाणी सरळ घरात, म्हणजे पॅच मारून गळती वाढवली असं होतं. बारीक चीर असेल तर डांबराची टेप किंवा एम-सील चालतं पण कौल कोरडं हवं, ब्रशने शेवाळ घासून फडक्याने पुसून मग लावा, ओल्यावर लावलेली टेप दोन दिवसांत लोंबायला लागते. ताडपत्री टाकायची तर ती आढ्यावरून, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कडेवरून, पलीकडच्या उतारावर गेली पाहिजे, नुसती भोकावर पसरली तर वरून येणारं पाणी तिच्या खालूनच शिरतं. वजनाला विटा नकोत, माकडं ढकलतात, वाळूची पोती ठेवा.

आणि सिमेंट. प्रत्येक गल्लीत एक काका असतात जे म्हणतात, थोडं सिमेंट थापून टाक, काही होत नाही. काका, होतं. उन्हात कौल आणि सिमेंट वेगवेगळं फुगतं, दोघांच्या मध्ये परत चीर पडते, वर आजूबाजूची चांगली कौलंही त्याला चिकटून बसतात, मग एक काढायला जावं तर चार फुटतात. सिमेंट, चुना जे काय ते आढ्यावरच्या कोन्यांना (टोपीसारख्या कौलांना), मधल्या कौलांना नाही.

खरी गंमत अशी की नुसतं कौल फुटलं असेल तर ते बदलायला पॅचइतकाच वेळ लागतो. विलायती नळियां म्हणजे आपली मंगलोरी कौलं बहुतेक घरांत खिळ्याने ठोकलेली नसतात, पाठीमागच्या खुंट्यांनी रिपेला नुसती अडकलेली असतात. माळ्यावरून हात पोचत असेल तर वरचं कौल जरासं उचलून धरा, फुटकं खाली ओढून काढा, नवं सरकवा, खुंटी रिपेवर बसली की हाताला कळतं. वरून करायचं असेल तर कोरड्या दिवशी, कौलांवर आडवी फळी किंवा शिडी टाकून, आणि खाली एक माणूस उभा हवा.

अडचण येते ती मापाची. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, खाचा जुळत नाहीत, फोटो दाखवून आणलेलं कौल अर्धा बोट उचललेलं राहतं आणि तिथूनच परत पाणी. जुनं अख्खं कौल पिशवीत घालून दुकानात न्या, पाठीवरचा छाप बघा. जुने वाडे पाडतात तिथे त्याच छापाची मिळून जातात, घेताना बोटाने वाजवून घ्या, खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर आत तडा आहे. दहा-पंधरा जास्तीची माळ्यावर ठेवून द्या.

परमनंट काम म्हणजे खरं तर लाकडाचं. कौल काढलंच आहे तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक रिपेत दाबून बघा. लोण्यासारखं आत गेलं किंवा भुसा पडला, तर ती सडली आहे किंवा वाळवी लागली आहे, मग वर सोन्याचं कौल बसवलं तरी पुढच्या वर्षी ते खाली सरकणारच. तेवढा तुकडा काढून नवी रीप एका वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंत पुरती टेकेल अशी ठोकायची, मधेच जोड द्यायचा नाही. टेपचा मला राग आहे तो यासाठीच, टपकणं थांबतं म्हणून वर कोणी बघत नाही आणि खाली रीप गपचूप सडत राहते. सामाईक भिंतीला छप्पर जिथे भिडतं तिथली गळती कौलं बदलून जात नाही, तिथे पत्र्याची पट्टी भिंतीत खाच मारून बसवावी लागते, आणि त्यासाठी शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या.

गावाबाहेरच्या नव्या बंगल्यांवर कौलांऐवजी डांबरी शिंगल्स, म्हणजे एकावर एक चढवलेल्या चपट्या पट्ट्या असतात, तिथे हिशोब तोच, वाकलेल्या शिंगलच्या खाली सीलंटचे दोन-तीन ठिपके देऊन दाबून ठेवणं हे टेम्पररी, आणि वरची उचलून खिळे काढून नवी सरकवणं हे परमनंट. त्यांची चिकटपट्टी उन्हाने धरते, म्हणून पावसाळ्यात बदलली तर हाताने सीलंट लावावंच लागतं.

पॅच मारलात त्या कौलाच्या खाली वाशावर खडूने तारीख लिहून ठेवा, दसरा-दिवाळीच्या मधे तो काढून खालचं लाकूड बघा. मोठं काम असेल तर उत्तरायण झाल्यावर, होळीच्या आत कडिया (गवंडी) आणि सुतार दोघांना सांगून ठेवा, मे महिन्यात सगळ्यांनाच छप्पर आठवतं आणि मग कोणी फोन उचलत नाही.