रुखवतातला मोठा क्रॉस स्टिच: या चुका टाळा

मोठं क्रॉस स्टिचचं काम अर्धवट राहतं ते टाका जमत नाही म्हणून नव्हे. फुली तर शाळेतल्या पोरींनाही येते. काम अडतं हिशेबात, नाहीतर शेवटच्या आठवड्यातल्या घाईत. भाचीच्या रुखवतासाठी विठ्ठल-रखुमाई भरताना मला ही दोन्ही भोवली.

आधी हिशेब. माझा नमुना आडवा 168 आणि उभा 224 घरांचा. 14 काउंटच्या कापडावर एका इंचात 14 घरं येतात, म्हणजे चित्र 12 बाय 16 इंचांचं. चारी बाजूंनी 3-3 इंच सोडले की कापड लागतं 18 बाय 22. हे न मोजता कापड आणलं तर देवाचे पाय फ्रेमच्या लाकडाखाली जातात.

वेळही असाच मोजा. सगळी घरं भरायची तर 37,632 फुल्या. माझ्या एका संध्याकाळी 200 होतात, म्हणजे 188 संध्याकाळी! मधे सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी; दिवसभर बोंडं वेचून आलेल्या बोटांना रात्री सुई धरवत नाही. म्हणून लग्नाच्या तारखेपासून मागे मोजत या, शेवटचा महिना धुण्याला आणि फ्रेमला राखून ठेवा. दिवस पुरत नसतील तर मागची पार्श्वभूमी कोरी सोडा. पांढऱ्या कापडावर विठ्ठल उलट जास्त उठून दिसतो.

दुसरी चूक मोजणीची. दर 10 घरांवर फिक्या रंगाच्या शिवणदोऱ्यानं आडव्या-उभ्या रेघा घालून घ्या, म्हणजे एका घराची चूक त्याच चौकटीत सापडते. भरताना तो दोरा सुईनं टोचला जाऊ देऊ नका, नंतर तो ओढून काढायचा असतो. माझी महिरप एक घर सरकली होती, आणि ते कळलं तब्बल तीन आठवड्यांनी. जाऊ म्हणाली, "ताई, काऊन उसवता? कोणाले दिसते तं?" तुळशीच्या पानांत चुकलं असतं तर मीही सोडलं असतं, एखादं पान इकडंतिकडं चालतं. पण महिरपीच्या दोन्ही बाजू वर नेमक्या येऊन मिळाल्या पाहिजेत, आणि चेहऱ्यातलं एक घर सरकलं तर डोळा तिरपा होतो. या दोन ठिकाणी उसवाच.

दोऱ्याचे सहा पदर असतात, 14 काउंटला त्यातले दोन पुरतात. दोरा हातभरच घ्या, लांब दोरा कापडातून जाऊन जाऊन विसकटतो. मागे गाठ मारू नका, फ्रेममध्ये तिचा उंचवटा दिसतो. फुलीतला वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेनं घाला. काम थांबवलं की रिंग काढून ठेवा, नाहीतर तिचा वळ बसतो. आणि एका रंगाच्या सगळ्या लड्या एकदमच आणा. तालुक्याच्या दुकानात पुढच्या वेळी तोच नंबर मिळाला तरी छटा किंचित वेगळी निघू शकते.

सगळ्यात मोठा घाव धुण्यात बसतो. एप्रिलची दुपार होती. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं, आणि मी कापड त्यातच बुडवलं. रखुमाईच्या शालूचा लाल रंग सुटून पांढऱ्यात उतरताना मी डोळ्यांनी पाहिला. अशा वेळी कापड वाळू देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको, तिनं डाग पक्का होतो. रांजणातलं गार पाणी घ्या आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. मी आठ वेळा बदललं, तेव्हा डाग गेला. हे टाळायचं तर भरण्याआधीच लाल, मरून आणि काळ्या दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. धुवायचं ते पहाटे, गार पाण्यात, सौम्य साबणानं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग जाड टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री करा.

फ्रेमवाल्याला कापड गोंदानं चिकटवू देऊ नका, कालांतरानं पिवळे डाग पडतात. पुठ्ठ्यावर ताणून मागून जाड दोऱ्यानं उभं-आडवं ओढून बांधायचं, आणि काच टाक्यांना टेकू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगायचं. पावसाळ्यात काचेला ओल धरली तर तिला टेकलेल्या दोऱ्याला बुरशी येते. हे सांगायला मी स्वतः दुकानात गेले आणि कापड बांधून होईपर्यंत तिथंच बसले.