रोड बाईकला रुंद टायर: किती रुंद घ्यायचा आणि हवा किती भरायची

"बारीक टायर आणि त्यात दगडासारखी हवा, म्हणजे वेग" हा सल्ला अजूनही दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. एके काळी रोड बाईकवर २३ मिमीचा टायर १२० पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) फुगवायची रीतच होती. आता नव्या रोड बाईक २८ किंवा ३० मिमीचे टायर घालूनच येतात आणि शर्यतीतही २८ मिमी नेहमीचा झाला आहे. ही फॅशन नव्हे.

टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो. तेवढ्या भागातलं रबर आणि कापड प्रत्येक फेरीला वाकतं, पुन्हा सरळ होतं, आणि या वाकण्यात तुमची ताकद उष्णता होऊन जाते. वजन आणि हवेचा दाब तोच ठेवला तर जमिनीवरच्या ठशाचं क्षेत्रफळ दोन्ही टायरांत जवळपास सारखंच असतं. बारीक टायरचा ठसा लांबुळका असतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. ठसा आखूड असला की टायर कमी दबतो. दुसरा तोटा अंगात जिरतो. खडबडीत डांबरावर कडक टायर प्रत्येक खडीवर उडतो, सोबत तुम्हालाही उडवतो, आणि ती थरथर तुमचे स्नायू शोषून घेतात. गुळगुळीत पोलादी ड्रमवर टायर फिरवून चाचणी घेतली की जास्त हवा नेहमी जिंकते, कारण त्या ड्रमवर कोणी बसलेलं नसतं.

मात्र रुंद टायर घेऊन त्यात जुन्या टायरइतकीच हवा भरणार असाल तर खर्च करू नका. फायदा मिळतो तो रुंदीमुळे हवा कमी करता येते म्हणून.

आधी जागा मोजा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे इथे शब्दशः खरं आहे. व्हर्नियर कॅलिपरने आत्ताच्या टायरची खरी रुंदी मोजा. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) छापलेला आकडा धरू नका. मग टायर आणि फ्रेममधली फट मोजा. त्यासाठी ॲलन कीचा संच पुरतो: ५ मिमीची की फटीतून मोकळी सरकली तर फट ५ मिमीपेक्षा जास्त आहे. तपासायच्या जागा अशा: बॉटम ब्रॅकेटमागे (पॅडलचा आस बसतो ती जागा) चेनस्टेच्या (तिथून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या नळ्या) दोन्ही बाजू, सीटस्टेमधला (सीटखालून त्याच आसापर्यंत उतरणाऱ्या नळ्या) पूल, सीट ट्यूबची (सीटखालच्या उभ्या नळीची) मागची बाजू, फोर्कचे दोन पाय, फोर्कचा माथा आणि रिम ब्रेक (चाकाच्या कडेला पकडणारा ब्रेक) असेल तर त्याच्या कमानीची खालची बाजू. समोरच्या डिरेलरच्या (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्ट्याचा बोल्ट बहुतेक जण विसरतात.

नवा टायर बसल्यावर सगळीकडे ४ मिमी मोकळी राहिली पाहिजे. चाक थोडं आउट होतं, जोरात पॅडल मारताना हलतं, टायरला खडी चिकटते. २ मिमी फटीवर समाधान मानणाऱ्यांच्या चेनस्टेवरचा रंग काही दिवसांत घासून जातो, आणि कार्बन फ्रेम असेल तर रंगाखालचे धागेही जातात.

आता हिशोब. समजा, सध्याचा टायर मोजून २६.५ मिमी भरला आणि चेनस्टेला दोन्ही बाजूंना ६ मिमी फट आहे. दोन्हीकडे ४ मिमी ठेवून २-२ मिमी वापरता येतील, म्हणजे ३०.५ मिमीपर्यंत चालेल. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि फसतात. वाढलेली रुंदी दोन बाजूंत वाटली जाते, पण टायर जेवढा रुंद होतो जवळपास तेवढाच उंचही होतो, आणि ती उंची सगळी एकाच दिशेला, वर जाते. याच उदाहरणात ब्रेकच्या कमानीखाली ५ मिमी फट असेल तर ४ मिमीने उंच झालेल्या टायरला वर जेमतेम १ मिमी उरेल. म्हणजे या फ्रेमला ३० मिमी चालणार नाही, चेनस्टे काहीही म्हणो. रिम ब्रेकच्या बाईक बहुधा वरच अडतात. छोट्या पोहोचीचे (पोहोच म्हणजे ब्रेकच्या बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर), ३९ ते ४९ मिमीचे ब्रेक कॅलिपर साधारण २५ ते २८ मिमीपर्यंत जातात. ४७ ते ५७ मिमी पोहोचीचे कॅलिपर लावण्याइतकी फ्रेम उंच असेल तरच पुढे जाता येतं. मडगार्ड लावत असाल तर त्याची जागा वेगळी धरा.

रिमची आतली रुंदी

एकच टायर वेगवेगळ्या रिमवर वेगवेगळा रुंद होतो. रिमची आतली रुंदी १ मिमी वाढली की टायर साधारण ०.४ मिमी फुगतो. हल्लीचे २८ मिमीचे टायर १९ मिमी आतली रुंदी धरून बनवलेले असतात. तोच टायर जुन्या १५ मिमीच्या रिमवर २६.५च्या आसपास राहील आणि २३ मिमीच्या रिमवर साडेएकोणतीसच्या वर जाईल. वरच्या हिशोबात हा आकडा घाला, छापील नको.

१५ मिमीच्या रिमवर २८च्या पुढे जाऊ नका. चढेल, चालेलही, पण टायर विजेच्या बल्बसारखा वर फुगलेला आणि खाली निमुळता होतो आणि कमी हवेत वळणावर डुलतो. १७ ते १९ मिमीला ३२ पर्यंत छान.

हुक नसलेल्या (हुकलेस, म्हणजे टायर धरून ठेवणारी आत वळलेली कड नसलेल्या) रिमचे नियम कडक आहेत आणि ते पाळायचेच. कमाल दाब ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. टायरवर हुकलेसला चालतो असं लिहिलेलं हवं, आणि रिम व टायर या दोन्ही कंपन्यांच्या यादीत ती जोडी असायला हवी. २५ मिमी आतल्या रुंदीच्या हुकलेस रिमवर २८ मिमीचा टायर घालू नका, किमान २९ हवा. इथे चूक झाली तर टायर चालत्या चाकावरून निसटतो.

रुंदी ठरवा

रिम ब्रेक असेल तर २८, बसला तर. डिस्क ब्रेक असेल तर ३० किंवा ३२. रस्ते फुटलेले असतील किंवा तुमचं वजन ८५ किलोच्या वर असेल तर ३२ ते ३५. पुढे-मागे एकच माप नसलं तरी चालतं: मागे भार जास्त, म्हणून मागे ३०-३२ आणि पुढे २८ ही जोडी मला सगळ्यात समजूतदार वाटते. पुढचा टायर वारा कापतो, त्यामुळे वाऱ्याच्या हिशोबात रुंदी मोजली जाते ती पुढची. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या १०५ टक्के असावी असा एक नियम आहे. खोल कार्बन रिम घेऊन चाळीसच्या वेगाने एकट्याने जाणाऱ्याने तो बघावा, बाकीच्यांनी सोडून द्यावा.

टायरची जात

रुंदीने भिकार टायर सुधारत नाही. जाड, ताठ कापडाचा ३२ हा मऊ कापडाच्या २८पेक्षा हळूच पळतो आणि अंगालाही कडक लागतो. टायर हातात घेऊन घडी घाला; साइडवॉल कागदासारखी वाकली तर कापड चांगलं. टीपीआयच्या (एका इंचात किती धागे, त्या) आकड्यावर भाळू नका, काही कंपन्या थरांची बेरीज छापतात: ३३० म्हणजे ११० चे तीन थर.

टिकाऊपणासाठी दोन गोष्टी बघा: मधल्या पट्ट्यातल्या रबराची जाडी आणि त्याखालचा अरामिड किंवा व्हेक्ट्रानचा (चिवट कृत्रिम धाग्यांचा) थर. रोजच्या वापराला हा थर ट्रेडखाली (रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली) असला की पुरे. बीडपासून बीडपर्यंत (बीड म्हणजे रिममध्ये बसणारी टायरची ताठ कड) गुंडाळलेलं चिलखत फक्त धारदार खडीच्या रस्त्यांसाठी, कारण त्याने साइडवॉल ताठ होते आणि ज्यासाठी रुंद टायर घेतला तेच हरवतं. रुंद टायरचं स्वतःचं एक संरक्षण असतं. दाब कमी असल्याने काचेच्या तुकड्यावर तो थोडा दबतो, कडक टायरसारखा त्यावर आपटत नाही.

ट्रेडवरची नक्षी डांबरासाठी शोभेची आहे. सायकलच्या वेगाला आणि टायरच्या गोल आकाराला पाण्याच्या थरावर तरंगण्याची वेळ येत नाही. ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती रबराच्या प्रतीमुळे आणि कमी हवेमुळे.

चढवणं

बाण फिरण्याच्या दिशेने ठेवा, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा, बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, ट्यूब नव्या मापाला चालणारी घ्या. शक्यतो लिव्हर लागू देऊ नका.

हवा: खरं काम इथेच आहे

टायरच्या कापडावरचा ताण हा दाब आणि टायरची त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरतो. म्हणून त्याच दाबाला रुंद टायर बारीक टायरपेक्षा जास्त ताठ होतो. २५ मिमीत ९० पीएसआय असताना कापडावर जो ताण येतो तोच २८ मिमीत ८० ला आणि ३२ मिमीत ७० ला येतो. म्हणजे ३२ मध्ये ९० भरणारा माणूस आधीपेक्षा कडक सायकल चालवतो आणि वर सांगतो की रुंद टायरने काही फरक पडत नाही.

स्वार, सायकल, बाटल्या मिळून ८० ते ८५ किलो वजन, ट्यूब असलेला टायर आणि साधारण डांबर धरून मागच्या चाकात इथून सुरुवात करा:

२५ मिमी: ८५ ते ९०
२८ मिमी: ७२ ते ७५
३२ मिमी: ५८ ते ६२
३५ मिमी: ४८ ते ५२ पीएसआय

पुढे ३ ते ५ कमी. एकूण वजनात ५ किलोचा फरक असेल तर साधारण ३ पीएसआय इकडेतिकडे. ट्यूबलेस असेल तर आणखी ३ ते ५ कमी. मोजलेली रुंदी छापील रुंदीपेक्षा जास्त निघाली तर मोजलेल्या रुंदीची ओळ वापरा. बसल्यावर मागच्या टायरची उंची किती कमी होते तेही बघता येतं: रिकाम्या सायकलच्या रिमची कड जमिनीपासून किती वर आहे ते मोजा, मग कोणालातरी सायकल धरायला सांगून नेहमीच्या बैठकीत बसा आणि पुन्हा मोजा. टायरच्या रुंदीच्या १५ टक्के, म्हणजे २८ मिमीला सुमारे ४ मिमी आणि ३२ला ५ मिमी दबला तर तुम्ही बरोबर जागी आहात.

साइडवॉलवर छापलेला कमाल दाब ही शिफारस नाही. त्याच्यापलीकडे जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रिमची मर्यादा टायरपेक्षा कमी असेल तर रिमची पाळा. छापलेल्या किमान दाबाखाली मात्र जाऊ नका.

अंगठ्याने दाबून हवा ठरवणं सोडा. बारीक टायरची सवय झालेल्या हाताला योग्य दाबाचा ३२ मिमी टायर पंक्चर झाल्यासारखा लागतो, हात आपोआप पंपाकडे जातो आणि सगळी मेहनत पाण्यात. गेज वापरा, आणि नेहमी तोच. १६० पीएसआयपर्यंतच्या डायलवर ५८ आणि ६२ मधला फरक दिसतही नाही, म्हणून कमी पल्ल्याचा किंवा डिजिटल गेज घ्या. आकडा खराखुरा किती बिनचूक आहे यापेक्षा रोज तोच आकडा त्याच दाबाला दिसतो का, हे महत्त्वाचं.

आता रस्त्यावर. दोनेक किलोमीटरचा असा तुकडा निवडा ज्यात थोडं चांगलं डांबर, थोडं खराब आणि एक-दोन वेगवान वळणं आहेत. वरच्या आकड्यावर एक फेरी मारा. मग दोन्ही चाकांतून ५ पीएसआय सोडा आणि पुन्हा तीच फेरी. असं करत जा, जोवर तीनपैकी एक लक्षण दिसत नाही: वळणात हँडल वळवल्यावर पुढचं चाक क्षणभर उशिरा ऐकतं, उभं राहून पॅडल मारताना मागचं चाक चेंडूसारखं वरखाली होतं, किंवा खड्ड्याच्या काठावर रिम टेकल्याचा टणक आवाज येतो. ज्या चाकात लक्षण दिसलं त्यात ४-५ पीएसआय परत भरा. तो तुमचा आकडा, लिहून ठेवा. एका फेरीत दोन्ही चाकांचं निदान जमत नसेल तर आधी मागचं निश्चित करा, मग पुढचं. पुढच्या चाकात फार खाली जाण्याची हौस करू नका, उतारावरच्या ब्रेकमध्ये सगळा भार तिथेच येतो.

ट्यूबमध्ये शेजारी शेजारी दोन चिरा पडलेल्या दिसल्या तर ते काट्याचं पंक्चर नव्हे, रिमने ट्यूब चिमटली आहे. ५ पीएसआय वाढवा किंवा एक माप रुंद जा. जास्त चिलखताचा टायर आणून हे थांबत नाही.

कमी दाबावर चुकीला वाव कमी असतो. ब्युटाइल (नेहमीच्या काळ्या रबराच्या) ट्यूबमधून आठवडाभरात काही पीएसआय जातातच आणि लेटेक्समधून एका रात्रीत बरेच. ११० मधले ८ गेले तर कळत नाही, ५५ मधले ८ गेले तर रिम टेकते. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक वेळी बघा. ६० च्या आसपासचा टायर १० अंशांनी तापला की अडीच-एक पीएसआय वाढतो, थंड पहाटे भरताना हे लक्षात असू द्या.

नंतरचं

नवा टायर हवा भरून ठेवल्यावर पहिल्या काही दिवसांत अर्धा ते एक मिमी सैलावतो, तेव्हा आठवड्याने फटी पुन्हा मोजा. सायकल कॉम्प्युटरमध्ये चाकाचा घेर बदला: २५ मिमीला २१०५ मिमी, २८ला २१३६, ३२ला २१५५. लहान फ्रेमवर वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला आधीपेक्षा लवकर लागू शकतं, ते उभ्या सायकलवर एकदा बघून घ्या.

मागचा टायर पुढच्यापेक्षा खूप लवकर झिजतो. तो मधोमध चपटा झाला किंवा झीज दाखवणारे दोन बारीक खड्डे पुसले गेले की पुढचा टायर मागे टाका आणि नवा पुढे लावा. उलट करू नका. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस जमिनीवरच असतो. साइडवॉलचे धागे दिसू लागले तर ट्रेड कितीही शाबूत असला तरी तो टायर काढून टाका.