आणि किमती, मॅडम?

सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीत डेमो लेक्चरला ‘खुली अर्थव्यवस्था : मौद्रिक व राजकोषीय धोरण आणि दीर्घकालीन समतोल’ हा विषय वाट्याला आला, तर काय तयार ठेवायचं ते लिहिते आहे. मी यात एकदा सपशेल आपटले आहे, म्हणून.

झेरॉक्सचा गठ्ठा, पाण्याची बाटली तुमचं तुम्ही बघा. व्याख्याही बघा. आयात-निर्यात म्हणजे काय हे पॅनेलला समजावत बसू नका, वीस मिनिटांतली चार तिथंच जातात.

आत गेल्या गेल्या फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहा : विनिमय दर म्हणजे एका डॉलरला किती रुपये. हे न लिहिता ‘दर वाढला’ म्हणालात, की अर्धी खोली रुपया वधारला समजते आणि अर्धी घसरला समजते. चौकट शेवटपर्यंत पुसू नका.

मग मुंडेल-फ्लेमिंग, या दोन अर्थतज्ज्ञांच्या नावाचं अल्पकाळाचं प्रतिमान. दर तरता, म्हणजे बाजारावर सोडलेला असेल तर पैसा सैल केल्यावर व्याजदर खाली ओढला जातो, भांडवल बाहेर जातं, रुपया घसरतो, निर्यात आणि उत्पन्न वाढतं. सरकारी खर्च मात्र लुळा पडतो, कारण रुपया वधारून निर्यात तेवढीच खातो. दर ठरावीक आकड्याला बांधलेला असेल तर नेमकं उलटं. दोन आकृत्या, पाच मिनिटं, पुढे चला. पुढे चला असं मुद्दाम म्हणते, कारण मी इथंच थांबले होते. बाण सुबक आले होते, अक्षर चांगलं आलं होतं. दुसऱ्या खुर्चीतल्या विषयतज्ज्ञांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “छान. आणि किमती, मॅडम?”

माझ्या फळ्यावर किमती कुठेच नव्हत्या. त्या गोठवून ठेवल्यावरच ती आकृती चालते, हे मला ठाऊक होतं. बोलायचं राहिलं. विषयात ‘दीर्घकालीन’ हा शब्द ढळढळीत होता आणि मी अल्पकाळ रंगवून खडू खाली ठेवला होता.

तेव्हा किमती. कोल्हापुरी चपलेचं गणित पाठ करून जा, फळ्यावर दीड मिनिटात होतं. जोड 1000 रुपयांचा, डॉलर 80 रुपयांना, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला साडेबारा डॉलर. पैसा सैल झाला, डॉलर 88 वर गेला, जोड 11 डॉलर 36 सेंटला पडू लागला, मागणी वाढली. इथवर मीही सांगितलं होतं. आता किमती हलू द्या. चामडं महागलं, मजुरी वाढली, जोड 1100 चा झाला. 1100 भागिले 88, परत साडेबारा. नाममात्र दर, म्हणजे चौकटीतला, 88 वरच राहिला; वास्तव दर, म्हणजे किमती धरून काढलेला, होता तिथं आला, उत्पादनही आपल्या मूळ क्षमतेवर. दीर्घकाळात पैशाने फक्त पाट्यांवरचे आकडे बदलले.

कुणी ‘हे पुस्तकात’ म्हणालं तर तुर्कस्तान काढा. सप्टेंबर 2021 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने 19 टक्क्यांवरून व्याजदर उतरवायला सुरुवात केली. तेव्हा डॉलरला साडेआठ-नऊ लिरा पडत होते, ऑक्टोबर 2022 मध्ये 18 च्या वर, आणि त्या महिन्यात वार्षिक महागाई 85 टक्क्यांपलीकडे. स्वस्त लिराचा फायदा किमतींनी कसा गिळला ते वेगळं सांगावं लागत नाही. अर्थतज्ज्ञ डॉर्नबुश यांचा 1976 चा मुद्दाही इथंच टाका : किमती सावकाश हलतात म्हणून विनिमय दर आधी गरजेपेक्षा जास्त उडी मारतो आणि मग परततो.

आता राजकोषीय धोरण. ‘दीर्घकाळात सगळंच निष्प्रभ’ असं घाईत म्हणून बसू नका, ही दुसरी खोड. सरकारी तुटीमुळे देशाची बचत घटते, निव्वळ निर्यात म्हणजे बचत वजा गुंतवणूक, त्यामुळे चलन किमती धरूनही खरोखर वधारतं आणि चालू खात्याची, म्हणजे परदेशी व्यवहारांची, तूट रुंदावते. रेगन यांच्या काळातली अमेरिका घ्या : करकपात आणि तूट एकीकडे, तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख व्होल्कर यांचा कडक पैसा दुसरीकडे, 1985 च्या सुरुवातीपर्यंत डॉलर चढतच गेला, सप्टेंबरमध्ये तो उतरवायला प्लाझा करार करावा लागला. पण तूट चालू राहिली की परदेशी देणं साचतं, त्याचं व्याज निर्यातीतूनच फेडायचं असतं, म्हणून शेवटी चलनाचं वास्तव मोल सुरुवातीपेक्षाही खाली यावं लागतं.

आणि दर बांधलेला असताना वास्तव दर हलतो कशाने? किमतींनी! दुसरं काही उरतच नाही. अर्जेंटिनाने 1991 मध्ये आपलं चलन डॉलरला बांधलं, 1992 पासून एक पेसो म्हणजे एक डॉलर. पुढे पेसोचं वास्तव मोल खाली यायची गरज पडली तेव्हा मजुरी आणि किमती उतरायला हव्या होत्या. त्या उतरेनात, त्याऐवजी बेकारी वाढली. जानेवारी 2002 मध्ये बंधन सोडलं.

भारताचं थोडक्यात. जुलै 1991 मधलं दोन टप्प्यांतलं अवमूल्यन, मार्च 1993 पासून बाजाराधिष्ठित दर, सरकारची तूट आपोआप नोटांत बदलणारी ॲड हॉक ट्रेझरी बिलं 1997 मध्ये बंद, सरकारी तुटीला लगाम घालणारा 2003 चा राजकोषीय उत्तरदायित्व कायदा, 2016 पासून कायद्यातच महागाईचं लक्ष्य, 4 टक्के, दोन वर दोन खाली. तारखा एका चिठ्ठीवर. त्रिकोणाची गोष्ट (बांधलेला दर, मोकळं भांडवल, स्वतंत्र पतधोरण, यातली दोनच) विचारली तर सांगा, आपणहून नको.

प्रश्नोत्तरं जमतात. डस्टर नसलं तर रुमाल. खडू ठेवण्याआधी फळ्याकडे एकदा वळून बघा, किमती लिहिल्यात का. नसतील तर बसू नका, आधी लिहा.