स्कोप स्थिर पॉवरचा की बदलत्या पॉवरचा?

रायफल नेमबाजीच्या स्पर्धेसाठी कोणता स्कोप (रायफलवर बसवायची दुर्बीण) घ्यावा, हे दुकानात उभे राहून ठरत नाही. सहकाऱ्याचा ८-३२ पॉवरचा, म्हणजे लक्ष्य ८ ते ३२ पट मोठे दाखवणारा, स्कोप उसना घ्यावा, झिरो करून (नेम धरला तिथेच गोळी लागेल असा जुळवून) आपल्याच अंतरावर सकाळी आणि भर दुपारी नेम धरावा आणि गोळ्यांच्या प्रत्येक मालिकेनंतर पॉवर बदलण्याच्या कड्यावरचा आकडा वहीत लिहावा. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली, की ३२ वर लक्ष्यावरील वर्तुळे पाण्याखाली असल्यासारखी हलतात आणि २० वर आणल्यास पुष्कळशी स्थिरावतात; कडे असे वारंवार फिरवावे लागत असेल, तर बदलत्या पॉवरचाच घ्यावा. आकडा कायम एकच राहिला, तर त्याच पॉवरचा स्थिर स्कोप माझ्या मते अधिक भरवशाचा.

मात्र आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० व ५० मीटर रायफल प्रकारांत स्कोप चालतच नाही. आपल्या स्पर्धेची नियमावली आधी वाचावी.